गांजा, मृत्यू आणि हितकर असत्य

२६ जून हा दिवस जगभर अमली पदार्थविरोधी दिन म्हणून पाळला जातो. काही वर्षांपूर्वी ह्या दिवशी एका महाविद्यालयात व्याख्यान देण्याचा प्रसंग मजवर आला. वकिलाला बोलण्याचे वावडे नसते. शिवाय विषय असा की, प्रतिपक्षाने उभे राहण्याचा संभवच नव्हता. बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो, "गांजाची वाट स्मशानात जाते." टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरील एक मुलगा उठला आणि अत्यंत सौजन्याने त्याने विचारले, "सर, दारूने मेलेली माणसे आम्ही गल्लोगल्ली पाहतो. गांजाने मेलेला माणूस आपण पाहिला आहे का?"

मी पाहिलेला नव्हता. पण न्यायालयात वीस वर्षे काढलेल्या मनुष्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द सहजासहजी बाहेर पडत नाही. मी उत्तरलो, "व्यसनाने मेलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत." उत्तर खोटे नव्हते, मात्र ते विचारलेल्या प्रश्नाचेही नव्हते. 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात ते ह्यालाच. पुन्हा टाळ्या पडल्या. मुलगा किंचित हसून खाली बसला. त्याचे ते हसणे मी अद्याप विसरलेलो नाही. एखाद्या साक्षीदाराने असे उत्तर दिले असते, तर उलटतपासणीत मी त्याला सोडले नसते.

तरुणाच्या हितासाठी त्याला थोडे असत्य सांगून भिवविणे नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मूळ वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. कारण सत्य काय हे ठाऊक नसता असत्याचा न्याय करता येत नाही.

विष ह्या शब्दाच्या नेहमीच्या अर्थाने गांजा मारीत नाही, असेच म्हणावे लागते. अफूपासून झालेली द्रव्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राला मंद करतात; मात्रा वाढली की श्वास थांबतो व मनुष्य मरतो. गांजातील मुख्य मादक द्रव्य १९६४ साली इस्राएलमध्ये रॅफाएल मेशुलाम व त्यांच्या सहकाऱ्याने शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते ज्या ग्राहकांवर मेंदूत काम करते, ते ग्राहक श्वसनकेंद्रात फारच विरळ आहेत. म्हणून अफूची गती गांजाला नाही. १९८८ साली अमेरिकेच्या अमली पदार्थ खात्याच्याच एका न्यायाधिकाऱ्याने, फ्रान्सिस यंग ह्यांनी, सुनावणीअंती नमूद केले की, मरण येण्यासाठी एखाद्याला सुमारे पंधरा मिनिटांत जवळजवळ १,५०० पौंड गांजा ओढावा लागेल. त्यांची शिफारस त्या खात्याने स्वीकारली नाही, ही गोष्ट वेगळी.

येथे गांजाचा कैवारी उठून म्हणेल, 'मग झाले तर! खटला संपला.' परंतु खटला येथे संपत नाही; तो येथे सुरू होतो. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरी एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गांजाचा अर्क घातलेले बिस्किट घेतले. दुकानदाराने एका वेळी सहावा हिस्सा खाण्यास सांगितले होते. त्याने तेवढेच खाल्ले. अर्धापाऊण तास काही जाणवले नाही, म्हणून उरलेलेही खाऊन टाकले. पुढे तो असंबद्ध बोलू लागला, आक्रमक झाला, आणि पहिला तुकडा खाल्ल्यापासून सुमारे साडेतीन तासांनी चौथ्या मजल्याच्या सज्जावरून त्याने उडी घेतली. मृत्यू पडून झालेल्या दुखापतींनी आला. पण गांजाची धुंदी हे त्याचे प्रमुख साहाय्यक कारण म्हणून नोंदले गेले. होळीला किंवा महाशिवरात्रीला थंडाईतून भांग घेण्याची चाल इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना परिचित आहे. 'चढली नाही' म्हणून दुसरा पेला मागणारा पाहुणा त्यांनी पाहिलाच असेल. ओढलेला अंमल क्षणांत कळतो, खाल्लेला वा प्यालेला सावकाश येतो, एवढ्या एका अज्ञानात एक जीव गेला.

हृदयाचा प्रश्न ह्याहून सूक्ष्म आहे. गांजाने नाडी जलद चालते. हृदयविकाराचा झटका आलेल्या ३,८८२ रुग्णांच्या पाहणीत २००१ साली असे आढळले की, गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका ४.८ पटींनी वाढतो. तथापि त्या तासात ओढणारे रुग्ण अवघे नऊ होते. अशा पुराव्यावर कोणी दोषसिद्धी मागू नये; पण अशा पुराव्याकडे पाहून कोणी निश्चिंतही राहू नये. 'हृदय मुळातच दुबळे होते, गांजा निमित्तमात्र' हा बचाव कायद्याला मान्य होणारा नाही. आधीच व्याधिग्रस्त असलेल्या मनुष्याला इजा करून जो त्याचा मृत्यू लवकर ओढवतो, त्यानेच तो मृत्यू घडवला असे मानावे, हे तत्त्व १८६० च्या दंड संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. माणसाला जो न्याय, तोच वनस्पतीला लावावयास हरकत नसावी.

सारांश, 'गांजा मारतो' हे वाक्य जितके अपुरे, तितकेच 'गांजाने कोणी मरत नाही' हेही अपुरे. दोन्ही वाक्ये 'कारण' ह्या शब्दाशी हेळसांड करतात. ह्या हेळसांडीचा एक बोधप्रद दाखला आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावरून १८९३ साली हिंदुस्थान सरकारने गांजा, भांग व चरस ह्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने १,१९३ साक्षीदार तपासले. गांजाने वेड लागते ह्याचा भक्कम पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या दाखविल्या जात. आयोगाने त्या वह्या उघडल्या. नोंदीत 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे आणि तो भरणे भाग असे. रोग्याला घेऊन येणाऱ्या पोलिसाला कारण ठाऊक नसे. पण रकाना रिकामा ठेवण्याची सोय नसे. मग 'गांजा' हा शब्द लिहून तो मोकळा होई. १८९२ सालच्या १,३४४ रोग्यांची प्रकरणे आयोगाने नव्याने तपासली, तेव्हा ज्यांच्या वेडाशी ह्या पदार्थांचा संबंध युक्तीला धरून जोडता येईल, असे ९८ निघाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, आयोगाने गांजाला निर्दोषही ठरविले नाही. माफक सेवनाने बहुधा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. महाविद्यालयातील व्यासपीठावरून मी जे केले, ते त्या पोलिसाच्याच मासल्याचे होते. रकाना रिकामा दिसला, आणि मी तो भरून टाकला.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही. अचूक सत्य ऐकून तरुण मुलगा त्यातले सोयीचे तेवढेच उचलील. मग ते सत्य सांगणारा पापाचा धनी होणार नाही काय? महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्णाने अर्जुनाला कौशिकाची कथा सांगितली आहे. कौशिकाचे व्रत सदैव सत्य बोलण्याचे. चोरांच्या भयाने काही माणसे रानात लपली. चोरांनी विचारताच कौशिकाने ती वाट दाखविली. माणसे मारली गेली, आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. घातक सत्याहून हितकर मौन बरे, हे त्या कथेचे तात्पर्य मला मान्य आहे. पण विचारणारा कोण होता, हे पाहावयास नको काय? कौशिकाला विचारणारे दुसऱ्याच्या प्राणावर उठले होते. उत्तरावर त्यांचा काही अधिकार नव्हता. मागच्या बाकावरील मुलाने जो प्राण पणाला लागण्याचा संभव होता, त्या स्वतःच्याच प्राणाविषयी विचारले होते. ज्याच्या देहावर जोखीम, त्याचा त्या जोखमीच्या ज्ञानावर पहिला हक्क. तो हक्क हिरावून घेऊन त्याचे रक्षण केल्याची बढाई आपण मारू शकत नाही.

शिवाय भयाच्या असत्याला एक हिशेब चुकवावाच लागतो. त्या मुलाला गांजाविषयीचे माझे विधान पोकळ वाटले. उद्या मी त्याला सांगेन, 'ब्राउन शुगरच्या वाटेला जाऊ नकोस, तिने श्वास थांबतो'. हे अक्षरशः खरे आहे, पण तो का मानील? एका ठिकाणी फुगविलेला साक्षीदार दुसऱ्या ठिकाणी खरे बोलला तरी त्याची साक्ष फुकट जाते, हा आमच्या व्यवसायाचा रोजचा अनुभव आहे. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती मोठ्यांनाही लागू आहे.

आणि हेच भय कायद्यात उतरते तेव्हा त्याला दात येतात. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात १९८९ साली एक कलम घातले गेले. काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास फाशी, आणि न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही! चरसही त्यात होता, आणि २००८ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने चरसाच्या खटल्यात ही शिक्षा फर्मावलीही. गोव्याचेही उच्च न्यायालय असलेल्या मुंबई उच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये ही सक्ती घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी विसंगत ठरविली, आणि २०१४ साली संसदेने कायद्यातही दुरुस्ती केली. सिंगापुरात मात्र ५०० ग्रॅमहून अधिक गांजाच्या व्यापारासाठी फाशीची तरतूद असून, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे एक किलो गांजाच्या प्रकरणी एकाला फासावर चढविण्यात आले. ज्या वनस्पतीच्या विषाने मनुष्य मरत नाही, तिच्या नावाने राज्य मनुष्याला मारू शकते. व्यापार गुन्हा नव्हे, असे माझे म्हणणे नाही. पण प्राण घेणाऱ्या कायद्याने तरी 'मारतो' हा शब्द तोलूनमापून वापरावा.

त्या मुलाला मी काय सांगावयास हवे होते, हे आता मला कळते. मी म्हणावयास हवे होते, "बाळ, नाही, मी पाहिलेला नाही, आणि निव्वळ त्याच्या विषाने माणसे मरत नाहीत. पण धुंदीत वाहन हाकणारा मरतो आणि दुसऱ्याला मारतो; अंदाज चुकून जास्त खाणारा सज्जावरून पडतो; दुबळ्या हृदयाला झटका येऊ शकतो; आणि मरण हा काही एकच अपाय नव्हे. तुझ्या वयात मेंदूची घडण चाललेली असते. तिच्यात ढवळाढवळ करू नये, एवढे कारण मला पुरेसे वाटते." ह्या उत्तराला टाळ्या पडल्या नसत्या. कदाचित तो मुलगा हसलाही नसता.

धर्मराजाचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चाले, तो एका अर्धसत्याने खाली टेकला, असे म्हणतात. आपले रथ मुळातच धुळीतून चालतात, म्हणून ते टेकल्याचा आवाज येत नाही. पण मागच्या बाकावर बसलेल्याला तो ऐकू येतो.