उसनवारीचे चार महिने

वाणिज्य शाखेच्या शेवटच्या सत्रात शिकणारा आमच्या परिचयाचा एक तरुण मागील वर्षी जानेवारीत आमच्याकडे आला, तो वेळापत्रक लिहिलेला कागद घेऊनच. मार्च-एप्रिलमध्ये विद्यापीठाची परीक्षा, मे महिन्यात सी.ए.ची इंटरमिजिएट, आणि त्याच मे महिन्यात तिघा मित्रांसह कन्याकुमारीहून दिब्रुगडपर्यंत आगगाडीचा प्रवास. विवेक एक्सप्रेसचा हा मार्ग चार हजार किलोमीटरांहून अधिक आहे, हे त्याने आम्हांला मोठ्या अभिमानाने सांगितले. मित्रांपैकी एकजण पुढे शिक्षणासाठी कॅनडाला जाणार होता. "फादर, परीक्षा सप्टेंबरात दिली तर चालेल ना?"

नियमाने चालते. २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा घेतली जाते. पूर्वी ती दोनदाच होई आणि एक संधी हुकली की अर्धे वर्ष जाई. परंतु त्याचा प्रश्न नियमाचा नव्हता, हे आमच्या ध्यानी आले.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, हिशेबशास्त्र नव्हे. तरीही चर्चच्या वह्या सांभाळताना त्या शास्त्राचा एक संकेत आमच्या परिचयाचा झाला: संभाव्य तोटा आधीच नोंदवावा, संभाव्य नफा मात्र हाती येईपर्यंत धरू नये. धंद्यात हे शहाणपणाचेच आहे. पण वडीलधारी माणसे तरुणांच्या आयुष्यालाही तोच संकेत लावतात. बुडणाऱ्या महिन्यांची नोंद तत्काळ होते. प्रवासात जे मिळेल त्याला वहीत रकानाच नसतो. वीसएक वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला "आधी परीक्षा, मग हिंडणे" असे आम्ही बजावले होते. त्याने ते ऐकले. आज त्याचा व्यवसाय उत्तम चालला आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा सहज म्हणाला, "ज्यांच्याबरोबर जायचे होते, ते आता चार देशांत आहेत." स्वरात तक्रार नव्हती, तरी आम्ही ओशाळलो.

त्यामुळे या खेपेस "जा" म्हणण्याची आम्हांला जरा घाईच झाली होती. तेवढ्यात त्याने कागदाची दुसरी बाजू दाखवली. इंटरमिजिएटचे दोन्ही गट सुटल्याखेरीज प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण सुरू होत नाही. ते दोन वर्षांचे, आणि ते संपल्यावर सहा महिन्यांनी अंतिम परीक्षा. म्हणजे आज सरकलेले चार महिने शेवटापर्यंत सरकत जाणार. वडील तीन वर्षांनी निवृत्त होणार, धाकटी बहीण नर्सिंगला जाऊ पाहते. हे चार महिने त्याच्या एकट्याच्या खात्यातले नव्हते. ते उसने होते, आणि धनको घरातच होता.

याची दुसरी बाजूही आहेच. प्रत्येक विषयात चाळीस आणि गटात सरासरी पन्नास टक्के गुण लागतात. कॉस्टिंगचे पुस्तक अजून उघडलेले नाही, हे त्याने स्वतःच कबूल केले. केवळ घरच्यांच्या समाधानासाठी मे महिन्यात परीक्षेला बसणे हा प्रामाणिकपणा म्हणावा काय? आम्हांला तसे वाटत नाही. सप्टेंबरच्या बाजूने बोलणारे कारण प्रवासाहून हेच अधिक वजनदार होते.

"वडील काय म्हणतात?" आम्ही विचारले.

तो बराच वेळ कागदाची घडी घालीत राहिला. मग म्हणाला, "त्यांना वाटतं, परीक्षा सप्टेंबरातच असते."

उसने घेणे पाप नव्हे. आम्हीही आयुष्यभर इतरांच्या वेळावर जगत आलो आहोत. पण आपण काही दिले आहे, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूला उसनवारी हा शब्द लागू पडत नाही. एवढेच आम्ही त्याला सांगितले. जाण्या-न जाण्याविषयी काहीच बोललो नाही.

आठवड्याने त्याचे वडील आले. अबोल गृहस्थ, कामावरून परस्पर आले असावेत, हातात डब्याची पिशवी होती. "चार महिन्यांचं काही नाही, फादर," ते म्हणाले, "मी अजून काहीतरी करीनच. पण मी नाही म्हणेन असं त्याला का वाटलं?"

मुलगा मे महिन्यात गेला, सप्टेंबरात परीक्षेलाही बसला. वडिलांचा तो प्रश्न मात्र आम्ही अद्याप त्याच्यापर्यंत पोहोचवलेला नाही. तो त्यांनीच विचारावा, असे वाटते.