चेहरा आणि शब्द

जें मुळांत घडलेंच नाहीं त्याविषयीं खोटें बोलतां येतें काय? प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. कथाकारानें पात्र निर्माण केलें, त्याला नाकडोळे दिले; पुढें त्यालाच ते बदलावेसे वाटले, तर आडवें येण्याचा अधिकार कोणास? आपल्या घराच्या भिंतीला आपण वाटेल तो रंग द्यावा, तसेंच हें. परंतु ज्यांनीं लहान मुलाला तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली आहे, त्यांना हें इतकें सोपें वाटणार नाहीं. काल राक्षसाला तीन डोळे होते आणि आज दोनच झाले, तर मूल लागलीच हटकतें. गोष्ट कल्पित आहे हें त्याला पक्कें ठाऊक असतें. तरीपण कल्पितांतही कांहीं एक खरें असतें व सांगणाऱ्यानें तें राखलें पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो. हा आग्रह कितपत योग्य आहे, याचा विचार आम्ही येथें एका परदेशी उदाहरणाच्या आधारें करणार आहों.

अमेरिकेंत १९६६ च्या सप्टेंबरांत ‘स्टार ट्रेक’ नांवाची दूरचित्रवाणी-मालिका सुरू झाली. तेविसाव्या शतकांतील माणसें ताऱ्यांमधून प्रवास करीत आहेत व त्यांना नाना परग्रहवासी भेटत आहेत, अशी तिची कल्पना. १९६७ मध्यें तींत क्लिंगॉन नांवाचे लढवय्ये प्रथम दिसले. त्यांचा पहिला सेनानी कोर. ही भूमिका जॉन कोलिकोस या नटानें केली. खर्चाला पैसा बेताचा. त्यामुळें तोंडाला काळसर रंग, तिरप्या भुंवया आणि खालीं वळलेल्या मिशा, एवढ्यावर परग्रहवासी सिद्ध झाला. पुढें १९७९ मध्यें याच कथेचा मोठा चित्रपट निघाला, तेव्हां क्लिंगॉनांच्या कपाळावर हाडांचे कंगोरे उगवले. १९८७ मध्यें सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेंत वर्फ नांवाचा क्लिंगॉन माणसांच्याच जहाजावर अधिकारी म्हणून आला. त्याचेंही कपाळ कंगोऱ्यांचें. राज्य तेंच, नांव तेंच, वंश तोच. मग कपाळ निराळें कां? यावरून रसिकांत जो वाद सुरू झाला, तो अद्याप शमलेला नाहीं.

एका पक्षाचें म्हणणें असें कीं, रंगभूषा हा केवळ संकेत होय. आमच्या रंगभूमीवर ही गोष्ट कोणास समजावून सांगावी लागत नसे. १९१९ मध्यें ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलें, तेव्हां सिंधूची भूमिका बालगंधर्वांनीं केली. त्या साध्वीच्या दुःखानें डोळे पुसणारा प्रेक्षक, ही स्त्री वस्तुतः पुरुष आहे, अशी हरकत घेत बसला नाहीं. पुढें तीच भूमिका स्त्रिया करूं लागल्या. म्हणून मध्यंतरीं सिंधूला कांहीं झालें होतें काय, असें विचारणारा वेडाच ठरता. सपाट कपाळ काय किंवा कंगोऱ्यांचें काय, दोन्ही ‘हा आपल्यांतला नव्हे’ एवढेंच सांगतात.

दुसऱ्या पक्षाचें उत्तरही दुबळें नाहीं. ते म्हणतात, तुम्हीं आम्हांस हें जग तोळा-मासा मोजून दाखविलें. त्याचे नकाशे दिले, इतिहास दिला. मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञानें क्लिंगॉनांची भाषा रचली व १९८५ मध्यें तिचा कोशही छापून निघाला. इतक्या तपशिलावर विश्वास ठेवण्यास आम्हांस शिकविलेंत. आतां अडचण येतांच ‘हा नुसता रंग आहे’ म्हणून हात झटकूं नका. या म्हणण्यांत तथ्य आहे. ज्यानें श्रोत्याकडून बारकाईची अपेक्षा केली, त्यानें स्वतः ढिलाई करूं नये, हा साधा न्याय झाला.

तथापि या वादांत एक गोष्ट बहुधा मागें पडते. १९६७ चा तो चेहरा निर्दोष नव्हता. शत्रु दाखवावयाचा म्हणून नटाच्या गोऱ्या कातडीवर काळसर रंग चढविला, मिशा मंगोल सरदाराच्या वळणावर नेल्या. म्हणजे परका कोण, हें सांगण्यासाठीं पृथ्वीवरील ज्या लोकांना पाश्चात्त्य समाज परके मानीत आला, त्यांचेंच रूप उसनें घेतलें. ज्यांची कातडी जन्मतःच त्या रंगाची आहे अशा आम्हां प्रेक्षकांना हें सहज लक्षांत येतें. कपाळावर कंगोरे आल्यानें तो काळसर रंग लगेच गेला असें नव्हे; पण परकेपणाचा भार पृथ्वीवरील एखाद्या जातीवरून थोडा तरी उतरून कल्पिताच्या हाडांवर गेला. सुसंगतीच्या नांवाखालीं जुनें रूपच कायम राखावें असें म्हणणें म्हणजे जुना अन्यायही कायम राखा, असें म्हणण्यासारखें होय. तेव्हां रूप बदलणें हें कधीं कधीं केवळ क्षम्य नव्हे, तर कर्तव्यही असतें.

मग बदललेल्या रूपाचा खुलासा करावा कीं नाहीं? या मालिकांच्या कर्त्यांनीं दोन्ही मार्ग चोखाळून पाहिले. १९९६ मध्यें मूळ मालिकेला तीस वर्षें झालीं, त्या निमित्तानें ‘डीप स्पेस नाइन’ या नव्या मालिकेंतील मंडळी भूतकाळांत जातात असा एक भाग रचला व १९६७ च्या जुन्या चित्रफितींतच नव्या नटांना मोठ्या कौशल्यानें मिसळून दिलें. तेथें सपाट कपाळाचे क्लिंगॉन पाहून वर्फचे सोबती चकित होऊन त्याच्याकडे पाहतात. तो एवढेंच म्हणतो कीं, या विषयाची वाच्यता आम्ही बाहेरच्यांपाशीं करीत नाहीं. आमच्या मतें याहून चांगलें उत्तर कोणी दिलेलें नाहीं. त्यांत जुन्या चेहऱ्यांना पुसून टाकलें नाहीं आणि त्यांचें ओझें कथेवरही लादलें नाहीं.

परंतु मौनानें सर्वांचें समाधान होत नाहीं. २००५ मध्यें ‘एंटरप्राइज’ या मालिकेंत सविस्तर खुलासा आला. क्लिंगॉनांनीं मनुष्यांच्या बीजांत फेरफार करून बनविलेल्या अतिमानवांचें बीज घेऊन तसेच योद्धे घडविण्याचा प्रयोग केला. तो फसून साथ उद्भवली. उपायानें लक्षावधींचे प्राण वांचले, पण त्यांचीं कपाळें सपाट झालीं आणि त्यांच्या पुढच्या पिढीलाही तोच वारसा मिळाला. कथा म्हणून ही रचना टाकाऊ नाहीं; अभिमानी लोकांना शत्रूचा चेहरा धारण करून जगावें लागतें, यांत करुण रस आहे. पण आतां १९६७ च्या कोरकडे पुन्हां पाहा. हा पुरुष बेधडक आहे, उद्दाम आहे. युद्ध टळलें म्हणून शेवटीं हळहळणारा आहे. आपल्या पूर्वजांचें तोंड आपण गमावलें आहे, या शल्याची पुसट छायाही त्याच्या मुखावर नाहीं. खुलाशानें कपाळ जुळलें, परंतु माणूस तुटला. चेहऱ्याची सुसंगति राखण्यासाठीं स्वभावाची विसंगति पत्करली गेली, आणि हा सौदा आम्हांस तोट्याचा वाटतो.

येथें कोणी नलाचें आख्यान पुढें करील. कर्कोटकाच्या दंशानें नल कुरूप होऊन बाहुक झाला. व्यासांनींही रूपांतराचें कारण सांगितलेंच कीं! खरें आहे. परंतु तो दंश आख्यानांत काम करतो. तो नलाला लपवितो, त्याच्या अंगांतील कलीला जाळतो, आणि दमयंतीला एक परीक्षा देतो. ती परीक्षा ती कशी उतरते? बाहुकाच्या हातचें अन्न ती चाखते, आणि चवीवरून पतीची खूण तिला पटते. रूप गेलें होतें, हात तोच होता.

नेमकी हीच परीक्षा या मालिकेनेंही एकदां दिली आहे. १९९४ मध्यें ‘डीप स्पेस नाइन’च्या एका भागांत पूर्वींचे तीन क्लिंगॉन, कोर, कँग आणि कोलॉथ, वृद्ध होऊन परत आले. भूमिका त्याच तीन नटांनीं केल्या: कोलिकोस, मायकेल अन्सारा आणि विल्यम कॅम्बेल. आतां त्यांच्या कपाळांवर कंगोरे होते आणि त्याबद्दल एक अक्षरही कोणी बोलत नाहीं. तिघांचे ज्येष्ठ पुत्र एका वैऱ्यानें मारले होते. सूड घेण्याची रक्ताची शपथ त्यांनीं पूर्वीं घेतली होती, आणि त्यांच्यासह शपथ घेणारा चौथा मित्र होता डॅक्स. हा डॅक्स निराळ्याच वंशाचा. त्याचा जीव एक देह संपला कीं दुसऱ्या देहांत ठेवला जातो. शपथ घेतली तेव्हां तो पुरुष होता, आतां तरुण स्त्री आहे. तिनें ती शपथ पाळलीच पाहिजे, असें कोणी म्हणत नाहीं. उलट ते वृद्ध तिला घरीं राहण्यास सांगतात. पण ती म्हणते, शब्द मीं दिला होता. आणि ती त्यांच्याबरोबर निघते. कँग व कोलॉथ त्या झुंजींत पडतात. तो भाग पाहतांना कोरच्या कपाळाकडे आमचें लक्ष गेलें नाहीं. जो शब्द त्यानें एका देहाला दिला, तो दुसऱ्या देहांत त्यानें ओळखला, तेवढ्यानें तो आम्हांस पुरेसा जुना कोर वाटला.

याउलट जेथें कृति बदलली जाते, तेथील दुखापत निराळी असते. ‘स्टार वॉर्स’ या १९७७ च्या चित्रपटांत हान सोलो हा स्वार्थी तस्कर, आपल्यावर पिस्तूल रोखणाऱ्यास टेबलाखालून आधीं गोळी घालून मोकळा होतो. १९९७ च्या सुधारलेल्या आवृत्तींत समोरच्यानें प्रथम गोळी झाडली, असें दाखविलें. बदल क्षणाचा, पण त्यानें पुढें मित्रांसाठीं जीव धोक्यांत घालणाऱ्या त्या माणसाची मजलच आंखूड झाली. तो किती दूरून आला, हें पुसलें गेलें. याला आम्ही कल्पिताविषयींचें खोटें म्हणूं.

२०१७ मध्यें ‘डिस्कव्हरी’ या मालिकेनें क्लिंगॉनांना पुन्हां नवें रूप दिलें: लांबट, केशहीन डोकीं. रसिक फार संतापले. २०१९ मध्यें केंस परत आले व युद्ध संपल्यामुळें ते वाढविले, असा खुलासाही आला. २०२३ मध्यें दुसऱ्या एका मालिकेंत कांहीं न बोलतां जुनेंच कंगोऱ्यांचें रूप दाखविलें गेलें. संतापणाऱ्यांना आम्ही हंसत नाहीं. आपल्या आवडत्या जगानें आपल्याशीं इमान राखावें, ही इच्छा थोर आहे. फक्त तें इमान कपाळावर शोधूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

आरंभीं सांगितलेल्या मुलाकडे परत येऊं. राक्षसाचा एक डोळा कमी झाला, तर मूल हटकतें. आपण चूक कबूल करतों, आणि गोष्ट पुढें चालते. पण ज्या राक्षसानें काल पोराला शब्द देऊन सोडलें, त्यानें आज तो शब्द दिलाच नव्हता असें सांगितलें, तर मूल हटकीत नाहीं. तें गप्प होतें, आणि उद्यां दुसऱ्या कोणाकडे गोष्ट ऐकावयास जातें.