कुणाचं बोट धरून

मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत यंदा गुडगावच्या सदर बाजारातल्या गलाईवाल्या शेठचा परिचय द्यायचं ठरलं. वर्गणीपासून विसर्जनाच्या टेम्पोपर्यंत सगळं वर्षानुवर्षं तेच अंगावर घेतात. लिहायचं काम माझ्याकडे आलं. बैठक मोडता मोडता एक ज्येष्ठ म्हणाले, "सुरुवात पानिपतापासून करा, म्हणजे घराण्याला वजन येईल." मी मान डोलावून घरी आलो, पण ते 'वजन' मनातून जाईना. ज्या माणसाचा जन्म काट्यावरच्या मिलिग्रॅममध्ये गेला, त्याच्या घराण्यात बाहेरून वजन आणून घालायचं?

खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव इथली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सराफ बाजार दिसला की विट्याकडचा गलाईवाला तिथे सापडणारच. पाऊस नव्हता म्हणून ती निघाली, हेही ठाऊक आहे. पण दुष्काळ माणसाला गावाबाहेर काढतो. कुठे जायचं ते सांगत नाही. ते कुणीतरी माणूसच सांगतो. मी शेठना म्हटलं, "तुमचं घराणं सांगा." ते म्हणाले, "कुणाच्या पोटी जन्मलो ते सांगू, का कुणी आणलं ते?"

तिथेच माझी मांडणी ठरली. वंश वेगळा आणि बोट वेगळं. वंश म्हणजे कुणापासून जन्मलो. बोट म्हणजे कुणाचं धरून निघालो. शेठना तेराव्या वर्षी मामानं दिल्लीला आणलं. मामाला त्याच्या मेव्हण्यानं अमृतसरला नेलं होतं. आधी दुकान झाडायचं, मग भट्टी पेटवायची, मग तेजाबाला हात लावायची परवानगी. शेठनी पुढे दोन भाचे आणले. एक आता आपल्या दुकानात बसतो, दुसरा गुवाहाटीला. हा खरा इतिहास. बाकी कुलवृत्तान्त काय, पणजोबा-खापरपणजोबांची उतरंड. ती रचून हा माणूस गुडगावात कसा पोचला हे कधीच कळणार नाही, असं मी ठामपणे लिहूनही टाकलं.

पानिपतवाल्यांशी माझं भांडण याच मुद्द्यावर आहे. १४ जानेवारी १७६१ ला इथून जवळच जे घडलं त्याचं दुःख मलाही आहे. हरियाणातला रोड समाज आपली मुळं त्या रणांगणात पाहतो. त्यांच्या भावनेला मी हात लावत नाही. पण शेठच्या घरातलं कुणी त्या वाटेनं आलं नाही. त्यांच्या मामाला विचारलं असतं, तर त्यांनी १९६३ सांगितलं असतं. त्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचा हुकूम निघाला, नवा दागिना १४ कॅरटच्या वर करायचा नाही असं ठरलं आणि सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. मग १९६८ चा कायदा. लगड, बिस्किट सामान्य माणसानं बाळगणं गुन्हा. तो १९९० मध्ये उठला. सोनं गाळून ज्यांचं पोट चालायचं त्यांनी ती बावीस वर्षं कशी काढली, हे लिहायला कुणी बसलेलं मला दिसलं नाही. वजन हवं असेल तर ते इथे आहे.

शेठच्या दुकानात बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. गिऱ्हाईक जुनी अंगठी देतं. शेठ ती चिमट्यात धरून आतल्या बाजूचं झिजलेलं नाव वाचतात, समोर करतात, "एक बार देख लीजिए," आणि मगच मुशीत सोडतात. टाकणखाराची चिमूट पडते, मळी वर येते आणि खाली सोनं आरशासारखं थरथरायला लागतं. नाव गेलं. २०२१ च्या जूनमध्ये सुरुवातीला २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांची ओळख कोरली जाते. मुशीत तीही जाते. शुद्ध करायचं तर सोन्यात चांदी मिसळून तेजाबात घालायचं; चांदी आणि तांबं विरघळतं, तळाशी काळपट तपकिरी भुकटी उरते. कुणाला दाखवली तर फेकून देईल. आच दिली की तीच पिवळी होते. आपल्याकडचे झारेकरी तर सोनाराच्या दुकानातला केरकचरा विकत घेऊन, धुऊन त्यातलं सोनं काढायचे. इथे त्यांना न्यारिया म्हणतात. सोन्याचा कण कुठून आला हे न विचारता तो जपणारी ही माणसं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

पण रात्री लिहिलेलं वाचताना अडखळलो. मामा, मेव्हणा, भाचा. शेठनी सांगितलेलं एकेक बोट बाईच्या नात्यातून गेलेलं. मामा म्हणजे आईचा भाऊ, मेव्हणा बहिणीचा नवरा, भाचे बहिणीचे मुलगे. म्हणजे वंश आणि बोट वेगळं, हे माझं म्हणणं टिकत नव्हतं. बोटही नात्यातूनच आलं होतं. फक्त त्या नात्याची पानं वंशावळीत नव्हती. शेठच्या गावाकडे वंशावळ सांगणारा हेळवी येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा. वही उघडून पिढ्यांची नावं वाचतो, नव्या पोराचं नाव चढवतो. त्याची वही मी निरुपयोगी ठरवून बसलो होतो. आता वाटतं, ती निरुपयोगी नाही, अर्धी आहे. लेक ज्या गावाला दिली, तिच्या भावांनी तिथून ज्या पोरांना उचललं, ते सगळं तिच्या कडेला लिहायला हवं होतं. म्हणून मी मांडणी बदलली.

सकाळी शेठना फोन केला. "शेठ, तुमच्या आजीचं माहेर कुठलं?"

बराच वेळ ते गप्प राहिले. "थांबा, आत्याला विचारतो," म्हणाले आणि दुसऱ्या मोबाइलवरून गावी फोन लावून स्पीकर सुरू केला. मागे कोंबडी ओरडत होती. आत्या मोठ्यांदा बोलायला लागल्या, एक गाव, मग दुसरं, मग कुठली मावशी कुणाला दिली ते. मी कागद उलटा केला, कारण पुढच्या बाजूला जागा उरली नव्हती.