‘दुसरा मिळेल’



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरची मुले संगणकावर ‘द स्वॅपर’ नावाचा खेळ खेळत होती. त्यांच्या मागे उभे राहून आम्हीही थोडा वेळ पाहिला. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. अंधारे, ओसाड अंतराळस्थानक, त्यात एकटा फिरणारा अंतराळवीर आणि वाटेत सोडवायची कोडी, एवढेच. खेळता खेळता थोरली मुलगी थांबली आणि तिने आम्हाला विचारले, “आत्ता जो खाली पडला, तो मेला का?” आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

हा खेळ २०१३ साली फिनलंडमधील ‘फेसपाम गेम्स’ने काढला. त्यातील अंतराळवीराला एक यंत्र सापडते. त्या यंत्राने स्वतःच्या हुबेहूब चार प्रतिकृती करता येतात आणि आपले ‘मीपण’ एका शरीरातून दुसऱ्यात धाडता येते. उंचावर पोचायचे असेल तर वर एक प्रतिकृती निर्माण करायची, तिच्यात शिरायचे आणि मागचे शरीर खाली पडू द्यायचे. हाडे मोडल्याचा आवाज येतो. खेळ त्याबद्दल गुण कापत नाही की रागावत नाही. वाट तेवढी मोकळी होते. पहिल्या वेळी मन चरकते. दहाव्या वेळी आपण तिकडे पाहतही नाही.

शेवटी सुटका करायला दुसरे यान येते, पण अंतराळवीराला सोबत नेता येत नाही. तेव्हा समोर दोनच वाटा उरतात. आलेल्या माणसाच्या शरीरात शिरून घरी परतायचे, किंवा तसे न करता तिथेच मरण पत्करायचे. इतका वेळ प्रतिकृतींवर जी सवय लागली, तीच आता परक्या माणसावर चालवायची का, असा हा प्रश्न आहे.

‘मी तर निघून आलो, मागे राहिले ते नुसते शरीर,’ असे समाधान खेळणारा करून घेतो. आपल्याला ते पटण्यासारखे नाही. शरीर आणि आत्मा मिळून एक माणूस, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. नुसता आत्मा म्हणजे संपूर्ण मी नव्हे, असे संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकातच सांगून ठेवले आहे.

पण त्या प्रतिकृती खरोखर माणसे होत्या की नव्हत्या, हे कळत नसेल तर? नीतिशास्त्रात यासाठी शिकाऱ्याचे जुने उदाहरण देतात. आपल्याकडचेच चित्र डोळ्यांसमोर आणा. रात्रीची वेळ आहे, तुरीच्या शेतात सळसळ झाली. रानडुक्कर असेल, किंवा राखणीला आलेला शेजारीही असेल. खात्री नसताना बार काढला, तर नंतर डुक्कर निघाले तरी दोष टळत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘इव्हांजेलियम व्हिटे’ या पत्रात अजन्मा बालकांविषयी हेच सांगितले : माणूस असण्याची नुसती शक्यता असली, तरी तिथे हात थांबला पाहिजे.

हात थांबला की दुसरी वाट शोधावी लागते. आपल्या सेवाग्राम आश्रमात साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा आजही पाहायला मिळतो. काठीने साप मारणे सोपे होते. पण गांधीजींच्या आश्रमात साप पकडून दूर सोडून देत. सापासाठीही एवढी तसदी घेतली गेली.

आता आपल्याकडे पाहू. कपाशीचा हंगाम आला की आपण सहज म्हणतो, ‘फवारणीला माणूस लावला.’ पाठीवर पंप, तोंडाला फडके, हातांत मोजे नाहीत. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांच्या माणूसपणाबद्दल तर कोणालाच शंका नव्हती. तरीही ‘हा नाही आला तर दुसरा मिळेल,’ हे वाक्य आपल्या तोंडून सुटतेच. घरकामाच्या बाईविषयी सुटते, गटार उपसणाऱ्याविषयीही सुटते. पहिल्यांदा म्हणताना मन चरकले असेल. आता चरकते का?

प्रभू येशूच्या दाखल्यातील मेंढपाळाजवळ नव्याण्णव मेंढरे होती. एक गेले तर बिघडले कुठे, असे त्याला म्हणता आले असते. तो मात्र त्या एकाला शोधायला निघाला, कारण त्या एकाच्या जागी दुसरे त्याला चालणार नव्हते.

आम्ही मुलांचा खेळ बंद केला नाही. मुलीला मात्र सांगितले, “तुला जे वाटले ते बरोबर आहे. ते वाटणे कधी हरवू देऊ नकोस.” या आठवड्यात आपल्या शेतावर किंवा घरी राबणाऱ्या एका माणसाचे पूर्ण नाव आपण विचारून घेऊ. पुढच्या फवारणीच्या आधी त्याच्यासाठी मोजे आणि मास्कही आणून ठेवू.