सहा महिन्यांचा ग्रह

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापावयाचे ठरले तेव्हा त्यातील पहिले प्रकरण लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. मूळ पुरुष थोरल्या मल्हाररावांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, असे आम्ही त्यात लिहिले. घरात पिढ्यान् पिढ्या तसेच सांगत आले होते. पुस्तक निघून काही वर्षे झाल्यावर जुन्या पेटीतला एक मोडी कागद जाणकाराकडून वाचून घेण्याचा योग आला. त्या कागदाविषयी पुढे लिहूच. पण त्यावर आम्ही इतकी वर्षे गप्प का राहिलो हा प्रश्न ज्या हकीगतीने आमच्यापुढे उभा केला, ती खगोलशास्त्रातील आहे आणि ती आधी सांगितली पाहिजे.

१९९१ च्या जुलैत इंग्लंडमधील जॉड्रेल बँक वेधशाळेचे अँड्र्यू लाइन आणि त्यांचे सहकारी यांनी 'नेचर' या साप्ताहिकात एक शोध प्रसिद्ध केला. पीएसआर १८२९-१० या पल्सारभोवती एक ग्रह फिरत आहे, असा तो शोध. पल्सार म्हणजे स्फोटानंतर मागे राहिलेला ताऱ्याचा अतिघन गाभा. तो स्वतःभोवती वेगाने फिरतो आणि त्याचे रेडिओ-स्पंद घड्याळाच्या ठोक्यांसारखे आपल्यापर्यंत येत राहतात. या ताऱ्याचे ठोके मात्र सहा महिन्यांच्या आवर्तनाने किंचित लवकर, किंचित उशिरा येत होते. कोणी अदृश्य सोबती त्याला मागेपुढे ओढत असला पाहिजे, असा अर्थ लावण्यात आला. सूर्यमालेबाहेरचा ग्रह तोवर कोणालाही खात्रीने सापडलेला नव्हता. साहजिकच मोठा गाजावाजा झाला.

सहा महिने म्हणजे आपल्या वर्षाचा बरोबर अर्धा भाग. शंका यावी अशीच ही गोष्ट. १९९२ च्या जानेवारीत अटलांटा येथे अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे अधिवेशन भरावयाचे होते व या शोधावर बोलण्यासाठी लाइन यांना आमंत्रण होते. अधिवेशन तोंडावर आले असताना त्यांनी आपले गणित पुन्हा तपासले आणि घोटाळा त्यांच्या ध्यानात आला. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे ठोक्यांच्या वेळा तिच्या गतीप्रमाणे दुरुस्त कराव्या लागतात. ही दुरुस्ती करताना आरंभी पृथ्वीची कक्षा वर्तुळाकार धरली गेली होती आणि ताऱ्याचे स्थानही थोडे चुकले होते. कक्षा प्रत्यक्षात लंबवर्तुळ असल्याने जो फरक शिल्लक राहिला, तोच सहामाही हेलकावा होऊन पुढे आला. केप्लरने लंबवर्तुळ १६०९ मध्ये मांडले. आपले ज्योतिषी तर त्याच्या कितीतरी आधीपासून सूर्याच्या गतीला मंदफलाचा संस्कार देत आले आहेत. इतकी प्राथमिक चूक! दूरच्या ताऱ्याचा ग्रह म्हणून जे पाहिले, ती आपल्याच पृथ्वीची चाल होती.

लाइन अटलांट्यास गेले, व्यासपीठावर उभे राहिले आणि ग्रह नाही, चूक आमची आहे, हे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या आणि त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. त्यांच्यापाठोपाठ अलेक्झांडर व्होल्श्चान बोलावयास उठले. त्यांचाही विषय पल्सारभोवतीचे ग्रहच! डेल फ्रेल यांनी त्या ताऱ्याचे स्थान वेगळ्या दुर्बिणींनी काटेकोर मोजले होते आणि पृथ्वीच्या गतीचा हिशोबही चोख होता. पीएसआर बी १२५७+१२ चे ते दोन ग्रह आजही टिकून आहेत. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांची यादी त्यांच्यापासून सुरू झाली आणि २०२५ मध्ये तिने सहा हजारांचा आकडा ओलांडला.

त्या टाळ्या नेमक्या कशासाठी होत्या? पुढेमागे कोणीतरी चूक पकडलीच असती, मग कबुलीत मोठेपणा कसला, असे आमचे एक स्नेही म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. शास्त्रात दुसरा तपासणारा असतो, ही शास्त्राची सोय आहे. पण या 'पुढेमागे'त कित्येकांचे उभे आयुष्य निघून जाते. लाइन यांना त्या दिवशी कोणी पकडलेले नव्हते. साप्ताहिकाला दोन ओळींचे पत्र पाठवून, आजारपणाचे निमित्त सांगून घरी बसता आले असते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: कबुलीला टाळ्या मिळतात हे एकदा कळले की कबुलीही स्वस्त होते. होत असेलही. मात्र व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना त्यांना टाळ्यांची कल्पना असणे शक्य नव्हते.

पुढे २०१४ च्या मार्चमध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने विश्वाच्या जन्मकाळच्या गुरुत्वीय तरंगांची खूण सापडल्याचे जाहीर केले. ज्यांचा सिद्धान्त खरा ठरल्यासारखे वाटले त्या आंद्रेई लिंडे यांच्या दारी शॅम्पेनची बाटली गेली, त्याचे चित्रीकरणही जगाने पाहिले. पुढच्या जानेवारीत प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांशी मिळून तपासणी झाली, तेव्हा खुणेचा बराच भाग आपल्या आकाशगंगेतील धुळीचा निघाला. आधी इतरांनी शंका घेतल्या, मग एकत्र तपास, मग माघार. यात लबाडी कोठेच नाही; पण बाटली आधी उघडली गेली होती. उलट नारायणगावाजवळच्या खोडद येथील दुर्बिणींची निरीक्षणे ज्यात आहेत, ते पल्सारांवरील भारतीय व युरोपीय गटांचे काम २०२३ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी मंद गुरुत्वीय तरंगांचा 'पुरावा' मिळाला एवढेच म्हटले, 'शोध' म्हटले नाही. तेथेही प्रत्येक ठोक्याला पृथ्वीच्या चालीचा हिशोब द्यावा लागतोच.

आमच्या कुलवृत्तांताला दुसरा तपासणारा नाही. तो मोडी कागद फक्त आम्ही आणि वाचून देणारे गृहस्थ, दोघांनीच पाहिला. ते आता हयात नाहीत. फौजेबरोबर आलेला पूर्वज हातचा जाऊ नये, एवढ्यासाठी आम्ही कागद पुन्हा पेटीत ठेवला. घरातील मुलांनी शाळेच्या निबंधांत ती फौज लिहिली, एका लग्नपत्रिकेतही ती उतरली, आणि आम्ही मान डोलावीत राहिलो.

कागदावर शके १७७६, म्हणजे इ. स. १८५४, असे साल आहे. आमचे मूळ पुरुष त्या वर्षी दरमहा ठराविक पगारावर दप्तरात कारकून म्हणून इंदुरास आले. फौजेचा त्यात कोठेही उल्लेख नाही. ज्यांच्या संग्रही आमचा कुलवृत्तांत असेल त्यांनी पहिल्या प्रकरणात एवढी दुरुस्ती करून घ्यावी.