उखडलेले गवत

नाशकात रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' म्हणून सांगितले, तर तो बिनचूक नेऊन सोडतो. पण तिथे गोल्फ मात्र औषधालाही सापडत नाही. मैदानाचे आजचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या विद्यार्थ्याचे ते नाव. आता तिथे सकाळी माणसे फेऱ्या मारतात, पोरे क्रिकेट खेळतात, रणजीचे सामनेही झालेले आहेत. मी रोज तिथे चार फेऱ्या मारतो, आणि गोल्फशी माझा संबंध तेवढाच.

तरीही परवा मला त्या खेळावर निवाडा द्यावा लागला. भाचा पुण्याला मोठ्या नोकरीत आहे. साहेबांच्या संगतीने त्याला गोल्फचा नाद लागला आहे. फोनवर म्हणाला, "मामा, तुम्ही मास्तर. तुम्हीच सांगा. शिकवणारा म्हणतो, दोन महिने नुसते सरावपट्टीवर चेंडू मारा. मित्र म्हणतात, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येते काय? चल सरळ मैदानावर!"

मी म्हणालो, "विचार करून सांगतो." आणि विचारात पडलो तो असा की, झोप उडाली.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे खरेच. पण त्या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पडणारा बुडाला, तर स्वतः बुडतो. नाकातोंडात पाणी जायचे ते त्याच्याच. गोल्फचे तसे नाही. मैदानावर अठरा खळगे. चौघांच्या टोळीला एक फेरी पुरी करायला चार तास सहज लागतात. नवखा प्रत्येक खळग्याला दहा-बारा फटके मारीत बसला, की मागची टोळी खोळंबते, तिच्या मागची तिच्यामुळे खोळंबते. शिवाय चेंडू टणक. भलतीकडे गेला तर एखाद्याचे कपाळ फोडील. जर्मनीत म्हणूनच मैदानावर उतरण्यापूर्वी लायकीची परीक्षा द्यावी लागते. स्वीडनमध्ये त्यासाठी हिरवे कार्ड असते. म्हणजे प्रश्न सरावाचा नाहीच मुळी. नवख्याच्या चुकीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आहे.

आणि इथे मला माझा पाडा आठवला.

विसाव्या वर्षी मी पेठच्या बाजूला एका पाड्यावर वस्तीशाळेत मास्तर झालो. भांडवल म्हणाल तर मॅट्रिकचा दाखला आणि वाचनाचे वेड. शिकवावे कसे, हे मला कुणी शिकवले नव्हते. बावीस पोरे, एक फळा, कुडाच्या भिंती. त्यांत एक मुलगा होता. मी फळ्यावर ३ लिहावा, त्याने पाटीवर ८ काढावा. वाक्य उतरवताना अर्धे शब्द त्याच्या मनचे. मी त्याला आळशी म्हटले, मग खोडकर म्हटले. दोन महिने जवळजवळ रोज तो कोपऱ्यात उभा असे. कोपरा अर्थातच फळ्यापासून सर्वांत लांबचा. दिवाळीच्या सुटीनंतर तो आला नाही. बापाला विचारले, तर म्हणाला, "गुरुजी, त्याच्या डोक्यात नाही शिरत. गुरं राखतोय."

पुढे काही वर्षांनी आम्हांला प्रशिक्षण मिळाले. एके दिवशी शिकवणाऱ्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, "मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवत असेल, तर आधी त्याला पुढे बसवून पाहा. डोळे अधू असतील." साधे एक वाक्य. बाकीच्यांनी वहीत टिपून घेतले. माझा हात चालेना.

आता सांगा, मी सराव करून मगच वर्गात जायला हवे होते काय? मन म्हणते, हो. पण थांबा. मी प्रशिक्षणाची वाट पाहत बसलो असतो, तर त्या पाड्यावर तेवढी वर्षे शाळाच नसती. उरलेल्या एकवीसजणांतली बरीचशी वाचायला शिकली, ती माझ्या त्याच अडाणी शिकवण्यातून. आणि अध्यापन विद्यालयात तरी काय करतात? सराव पाठ घेतात. ते घ्यायचे खऱ्याच पोरांवर. काही विद्यांना सरावपट्टी नसतेच. डॉक्टराचे पहिले इंजेक्शन कुणाच्या तरी खऱ्या दंडातच जाते.

मग मार्ग कोणता? आपल्या गवयांनी तो फार पूर्वी काढून ठेवला आहे. शिष्याला ते एकदम मैफल देत नाहीत, आणि वर्षानुवर्षे कोंडूनही ठेवीत नाहीत. त्याला तानपुरा देऊन मागे बसवतात. मैफल खरी, श्रोते खरे. मधूनच बुवा मान वळवतात आणि एखादी जागा त्याला घ्यायला सांगतात. चुकला, तर सावरायला बुवा पुढे आहेतच. पाड्यावर माझी चूक झाली यात नवल नाही. माझ्यापुढे बुवा नव्हते, आणि मला ते असावेत असे वाटलेही नाही. अडाणीपण क्षम्य आहे, पण मी त्या मुलाला एकदाही विचारले नाही, "तुला दिसते ना रे?" हे विचारायला कुठले प्रशिक्षण लागत होते?

गोल्फची एक रीत मला फार आवडली. फटका मारताना काठीने गवताचा ढेपसा उखडला, तर तो उचलून आणून जागेवर बसवायचा आणि पायाने दाबायचा. नवख्याला हा खेळ अधिकचे फटके देतो. २०२० पासून तर अठरा खळग्यांना चोपन्नपर्यंत. कौशल्याची सूट आहे, पण गवत जागेवर बसवण्याची सूट कुणालाच नाही.

भाच्याला मी कळवले : "काठी नीट धरायला आणि समोर माणूस असता न मारायला शीक, तेवढ्यापुरता सराव कर. मग एखाद्या जाणत्याचे बोट धरून उतर. मागच्यांना वाट दे. आणि उखडशील ते बसवीत जा."

त्या पाड्यावर मी नंतर दोनदा जाऊन आलो. ते घर ऊसतोडीला गेले, एवढेच कळले. तिथले गवत माझ्याने बसले नाही.

आमच्या शाळेत हल्ली नवा शिक्षक आला, की पहिला महिनाभर रिकाम्या तासाला मी त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतो. त्याला वाटते, म्हातारा आपली परीक्षा घेतो आहे. मी त्याच्याकडे पाहतच नसतो. मागच्या बाकावरच्या पोरांच्या वह्या पाहत असतो.