भाजलं म्हणून विष मरत नाही

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतोस, एमपीएससीचा अभ्यास करतोस, यकृताची कार्यं घडाघडा सांगतोस. आणि डब्यात शेंगदाणे कसले? सुरकुतलेले, काळपट, चार-दोन दाण्यांच्या टोकाला हिरवट-पिवळी भुकटी. वर मलाच सांगतोस, "सर, भाजून घेतो. राहिलंच काही तर शरीर टाकतं की बाहेर!"

कुणी शिकवलं तुला हे?

शेंगदाण्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. भाजल्यावर बुरशी मरते. विष थोडंफार कमी होतं, संपत नाही. उकळत्या पाण्याला तर ते दादच देत नाही. खाल्लं की लहान आतड्याच्या सुरुवातीलाच रक्तात शिरतं आणि थेट यकृतात पोचतं.

आता नीट ऐक, तुझी गफलत इथेच आहे. परकं रसायन बाहेर टाकता यावं म्हणून यकृतातली विकरं त्याचं रूप बदलतात. अफ्लाटॉक्सिन बी-१च्या बाबतीत याच खटाटोपात मूळ विषाहून घातक असं एपॉक्साइड तयार होतं आणि ते पेशीच्या डीएनएतल्या ग्वानिनला चिकटतं. ग्लुटाथायोन त्यातलं जमेल तेवढं धरून निकामी करतं, मग ते पित्तावाटे शौचातून आणि लघवीतून जातं. काही भाग एम-१ होऊन लघवीत उतरतो, अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातही उतरतो. अल्ब्युमिनला चिकटलेला भाग आठवडेच्या आठवडे रक्तात फिरत राहतो. विष बाहेर पडलं हे खरं, पण जाताना डीएनएत बिघाड करून गेलं, त्याचं काय? यकृताच्या कर्करोगाची सुरुवात त्यातूनच होते. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. सकाळी लिंबूपाणी प्यायल्याने यातलं काहीही पुसलं जात नाही.

१९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी साठलं, शंभराच्या आसपास माणसं दगावली. त्यांच्या घरची कुत्रीसुद्धा त्याच दुखण्याने गेली. गरीब भिल्ल कुटुंबं होती ती, घरात दुसरं धान्य नव्हतं. तुला काय अडचण आहे? कोपऱ्यावर वाण्याचं दुकान आहे.

आपल्याकडेही १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेल्या बाजरीने लोकांना विषबाधा झाली होती. ती बुरशी वेगळी, विषही वेगळं. पण बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारं काढून टाकायचं, हे बाजरी पेरणारा शेतकरी जाणतो. नदीपलीकडे आघारकर संस्थेत देशभरातल्या बुरशांचा संग्रह आहे. विज्ञानाचा पदवीधर म्हणवतोस, एकदा तिथे जाऊन विचारावंसंही वाटलं नाही?

डबा आत्ताच्या आत्ता रिकामा कर. वरवर चांगले दिसणारे निवडून ठेवतो म्हणू नकोस, बुरशी न दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकतं. मग आईला फोन लाव. शेंगा कडकडीत वाळवून, हलवल्यावर दाणा आत खुळखुळेल अशा, टरफलासकट पाठवायला सांग. ओलसर दाणे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नकोत. आणि चांगले दाणे तुला पाठवून बुरा आलेल्यांचं कूट ती स्वतःच्या भाजीत घालते का, तेही विचार. घालत असेल तर आजच थांबव.